टाळ्या वाजवणारे आणि अंगावर घालणारे

'द रॉकी हॉरर पिक्चर शो'ला जाणारा प्रेक्षक घरून निघण्याआधी बराच वेळ आरशासमोर असतो. डोळ्यांभोवती काजळाच्या जाड रेघा, चेहऱ्यावर पांढरा रंग, ओठांवर गडद लाली, कमरेला करकचून आवळलेलं कॉर्सेट, पायांत जाळीचे लांब मोजे आणि त्याखाली चालता येणार नाही इतक्या उंच टाचा. हा प्रेक्षक दिवसा शाळेत शिकवत असेल, बँकेत बसत असेल किंवा कॉलेजात जात असेल. सिनेमा त्याला तोंडपाठ आहे. त्यामुळे तो सिनेमा बघायला जातो असं म्हणणंही तसं चुकीचंच. तो तयार होऊन जातो, आणि तयार होणं हाच त्या रात्रीचा मोठा भाग असतो.

१९७५ साली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं हा सिनेमा अमेरिकेत लावला आणि तो आपटला. पुढच्या वर्षी, १ एप्रिल १९७६ पासून न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या वेव्हर्ली थिएटरात त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले. काही महिन्यांत लोक पडद्याला उत्तरं देऊ लागले, मग पात्रांसारखे कपडे घालून येऊ लागले, मग पडद्यासमोर उभे राहून अख्खा सिनेमा हावभावांसकट करू लागले. त्यानंतर तो कुठे ना कुठे चालूच आहे. म्युनिकच्या एका थिएटरात तर १९७७ पासून. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचं नाव गेलं. २०१९ मध्ये फॉक्स डिस्नेच्या ताब्यात गेली आणि डिस्नेनं फॉक्सचे जुने सिनेमे थिएटरांना देणं आवळलं, तेव्हाही या एकाला सूट मिळाली.

या सिनेमाची गाणी झकास आहेत, कथा यथातथा आहे, उत्तरार्ध तर चक्क रेंगाळतो. त्याला तगवलं ते कपड्यांनी, आणि तेही पडद्यावरच्या नव्हे, समोरच्या खुर्च्यांमधल्या. अलीकडे अमेरिकेत वेशांतराच्या खेळांवर कायदे येऊ लागले तेव्हा 'अहो, ही नुसती गंमत आहे, कपडेच तर आहेत' असा बचाव चाहत्यांकडूनच ऐकू येऊ लागला. माझं भांडण त्या बचावाशी आहे. कायदे करणाऱ्यांनी या कपड्यांचं महत्त्व जितकं ओळखलं आहे, तितकं हा बचाव करणाऱ्यांनी ओळखलेलं नाही.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्रॅड आणि जॅनेट हे नुकतं लग्न ठरलेलं, अतिशय सोज्वळ जोडपं. पावसात गाडीचं चाक पंक्चर होतं, ते मदतीसाठी एका वाड्यात शिरतात. तिथे डॉक्टर फ्रँक-एन-फर्टर हा परग्रहावरून आलेला शास्त्रज्ञ स्वतःसाठी रॉकी नावाचा एक देखणा पुरुष घडवत असतो. टिम करीनं केलेला हा फ्रँक लिफ्टमधून खाली उतरतो, अंगावरचा काळा झगा भिरकावतो, आणि आत कॉर्सेट, मोजे, गळ्यात मोती. पुढे बरीच धमाल, एक खून, एक नाचगाण्याचा कार्यक्रम, आणि शेवटी नोकरांचं बंड.

करी इथे बाई होत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. तो आवाज बारीक करत नाही, लाजत नाही, पदर सावरल्यासारखं काही करत नाही. खर्जातल्या आवाजात, खांदे मागे टाकून, मालकासारखा वावरतो. पुरुषानं बाईचे कपडे घातले की एकतर हुबेहूब बाई दिसायचं किंवा हास्यास्पद दिसायचं, असे दोनच रस्ते रंगभूमीला ठाऊक होते. यानं तिसरा काढला: हास्यास्पद न होता, बाईही न होता, नुसतं भारी दिसायचं.

याचं अर्धं श्रेय वेशभूषाकार सू ब्लेन यांचं. सिनेमाच्या आधी हे नाटक होतं. रिचर्ड ओब्रायननं लिहिलेलं, जिम शार्मननं बसवलेलं, आणि १९७३ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या वरच्या मजल्यावरच्या साठेक खुर्च्यांच्या खोलीत उभं राहिलेलं. कपड्यांसाठी पैसे जवळपास नव्हतेच. ब्लेन आणि करी यांनी त्याआधी ग्लासगोच्या सिटिझन्स थिएटरात झाँ जनेच्या 'द मेड्स'मध्ये एकत्र काम केलं होतं. त्या नाटकात करीच्या अंगावर असलेलं कॉर्सेटच या नाटकात आलं. म्हणजे पुढे हजारो लोकांनी ज्याची नक्कल शिवून घेतली तो पोशाख मुळात आधीच्या नाटकातून उरलेला. सिनेमा झाला तेव्हा हाताशी थोडे जास्त पैसे आले, तरी ब्लेन यांनी कपड्यांचा तो फाटका, जोडाजोडीचा बाज सोडला नाही. मोज्यांना भोकं, मेकअप ओघळलेला. फ्रँकच्या वाड्यातल्या कोलंबिया या पोरीचा सोनेरी टिकल्यांचा कोट चकाकतो खरा, पण ती चकाकी जत्रेतली आहे. नाटक पुढे कित्येक वर्षं लंडनच्या किंग्ज रोडवर चाललं. त्याच रस्त्यावर व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅक्लॅरन यांचं दुकान होतं, जिथून 'पंक' ही बंडखोर फॅशन पसरली. पंकच्या फाटक्या मोज्यांचं आणि रंगवलेल्या केसांचं श्रेय ब्लेन यांनाही दिलं जातं, ते अगदीच वाऱ्यावरचं नाही.

कपडे स्वस्त होते म्हणून ते प्रेक्षकाला परवडले. हॉलिवुडच्या भव्य संगीतिकेतल्या नायिकेचा झगा बघून माणूस आ वासतो, आणि गप्प बसतो. फ्रँकचे कपडे बघून त्याला वाटतं, हे आपल्याला जमेल. आईचं जुनं कॉर्सेट, बाजारातले मोजे, खोटे मोती, झालं! यात एक गमतीचा विरोधाभास पुढे शिरला. घरी जमवाजमव करून घालायच्या या कपड्यांचे काटेकोर अभ्यासक तयार झाले. कोलंबियाच्या कोटाच्या पट्ट्या किती रुंद, टिकल्या कुठल्या घडणीच्या, मजेंटा या मोलकरणीच्या एप्रनची झालर कशी, यावर चाहते तासन्‌तास वाद घालतात. प्रयोगशाळेच्या दृश्यात फ्रँकच्या हिरव्या शस्त्रक्रियेच्या झग्यावर गुलाबी त्रिकोण आहे. नाझींनी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर शिवलेली खूण तीच. पडद्यावर त्याचा उल्लेखही होत नाही. पण झगा स्वतःच्या हातानं शिवणाऱ्याला तो त्रिकोण कापावा लागतो, लावावा लागतो, आणि मग हा कशाला असं कुणीतरी विचारतंच. इतिहास सुईदोऱ्यानं शिकण्याची ही तऱ्हा मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोलाची वाटते.

सिनेमानं स्वतःच याला मुभा देऊन ठेवली आहे. शेवटाकडे फ्रँक सगळ्यांना रंगमंचावर उभं करतो आणि ब्रॅड, जॅनेट, कोलंबिया, रॉकी अशा सगळ्यांच्या अंगावर तोच पोशाख असतो: कॉर्सेट, मोजे, पिसांचा लांब गळपट्टा. जो सोज्वळ ब्रॅड मघाशी संकोचानं मरत होता त्याच्याही अंगावर. कपडा एका पात्राचा उरत नाही, जो घालेल त्याचा होतो. प्रेक्षकांनी केलं ते इतकंच की ती रांग पडद्यावरून खाली, खुर्च्यांपर्यंत लांबवली. गावोगावच्या चाहत्यांच्या मंडळ्यांना 'शॅडो कास्ट' म्हणतात. पडद्यावर सिनेमा चालू असताना त्या समोर तोच सिनेमा करतात. तिथे फ्रँक बऱ्याचदा बाई असते, रॉकी कधी स्थूल असतो, जॅनेटला कधी दाढी असते. समोरचे तांदूळ फेकतात (थिएटरवाले वैतागतात, कारण ते झाडायचे कुणी), पाण्याच्या पिचकाऱ्या उडवतात, डोक्यावर वर्तमानपत्रं धरतात, एका प्रसंगाला भाजलेल्या पावाचे तुकडे भिरकावतात. पहिल्यांदा आलेल्याच्या कपाळावर लिपस्टिकनं खूण करतात.

हे सगळं ज्या देशात चालू होतं तिथले कायदे पाहिले की गंमत जरा कमी वाटू लागते. सॅन फ्रान्सिस्को शहरानं १८६३ मध्ये, आपल्या लिंगाला न शोभणारे कपडे घालून रस्त्यावर येणं हा गुन्हा ठरवला होता. ते कलम गेलं १९७४ साली, म्हणजे सिनेमा लागण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. न्यूयॉर्क राज्याचा १८४५ चा कायदा तर मूळचा शेतकऱ्यांविरुद्धचा. खंडकऱ्यांनी जमीनदारांविरुद्ध बंड केलं, ओळखू येऊ नये म्हणून तोंडं झाकून आणि छिटाचे झगे घालून ते वसुली अधिकाऱ्यांना पिटाळत. त्यांना धरण्यासाठी वेश बदलून जमणं गुन्हा ठरलं. पुढे शतकभर तोच कायदा बायकांचे कपडे घातलेल्या पुरुषांना उचलायला पोलिसांच्या कामी आला. १९६९ चं स्टोनवॉलचं प्रकरण, म्हणजे समलिंगींच्या बारवर पोलिसांची धाड आणि तिला गिऱ्हाइकांनी दंगलीनं दिलेलं उत्तर, ग्रीनिच व्हिलेजमध्येच घडलं. वेव्हर्ली थिएटर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. सात वर्षांनी त्याच मोहल्ल्यात पुरुष कॉर्सेट घालून तिकिटाच्या रांगेत उभे होते. त्यांना ती नुसती गंमत वाटत असेल, पण त्या गमतीची जागा दुसऱ्यांनी मार खाऊन मोकळी केली होती.

आता २०२३ कडे येऊ. त्या वर्षी मार्चमध्ये टेनेसी राज्याच्या गव्हर्नरांनी एका कायद्यावर सही केली. स्त्री किंवा पुरुषाचं सोंग घेणाऱ्यांचे खेळ कायद्यानं अश्लील नृत्याच्या रांगेत बसवले. लहान मुलांना हानिकारक ठरेल असा कामुक खेळ मुलांच्या नजरेस पडू शकेल अशा ठिकाणी झाला तर शिक्षा, दुसऱ्यांदा झाला तर गंभीर गुन्हा. सहीच्या सुमारास एक फोटो फिरू लागला: १९७७ च्या शाळेच्या वार्षिकांकातला, मुलींच्या कपड्यातल्या एका पोराचा, आणि तो पोरगा म्हणजे हेच गव्हर्नर असं सांगितलं गेलं. पत्रकारानं विचारल्यावर ते चिडले. असल्या गोष्टीची मुलांसमोरच्या कामुक करमणुकीशी तुलना करणं हास्यास्पद आहे, असा त्यांच्या उत्तराचा सूर होता.

मला त्या उत्तरात सगळं प्रकरण दिसतं. थट्टा म्हणून घातलेला झगा चालतो. तो घालणारा पोरगा मोठा होऊन राज्याचा प्रमुखही होऊ शकतो. ज्याला त्या झग्यात बरं वाटतं त्याचीच तेवढी पंचाईत. म्हणजे अडचण कपड्याची नाही, तो मनापासून घालण्याची आहे. अशा वेळी 'नुसती गंमत आहे हो' असं म्हणणारा चाहता नकळत गव्हर्नरांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. तो सांगतो, आम्ही मनापासून घालत नाही, आम्हाला सोडा. मग जे मनापासून घालतात त्यांचं काय?

हे मराठी वाचकाला सांगताना एक ठरलेलं उत्तर येणार, ते मला आधीच ऐकू येतंय: 'आमच्याकडे बालगंधर्व होऊन गेले. आम्हाला याचं काय अप्रूप!' नारायण श्रीपाद राजहंसांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू यांवर महाराष्ट्रानं जीव ओवाळून टाकला हे खरंच. त्यांची साडी नेसण्याची ढब, केशरचना, गजरा, दागिने घरंदाज बायकांनी उचलले, तेव्हाच्या समाजात बायकांनी काय नेसावं याचा धडा एका पुरुषाकडून घेतला गेला. मोठीच गोष्ट. पण ती नक्कल बायकांनी केली, आणि बायकांच्याच कपड्यांची केली. समोर बसलेल्या पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, 'वन्स मोअर' दिले, आणि धोतराचा सोगा सावरत ते घरी गेले. शालू नटाच्या अंगावरच राहिला. त्यांच्या प्रेमाला पैशांखेरीज काही मोजावं लागलं नाही. तमाशातल्या नाच्याला फडाबाहेर काय ऐकावं लागे, ते तर वेगळं सांगायला नको.

शिवाय रंगमंचावर कौतुक चालू असताना रस्त्यावर काय चालू होतं? इंग्रज सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक अख्खा भाग हिजड्यांसाठी होता. उत्तर हिंदुस्थानात त्याची अंमलबजावणी झाली. नोंद झालेल्या व्यक्तीनं बाईसारखे कपडे किंवा दागिने घालून रस्त्यात दिसणं, सार्वजनिक जागी नाचणं-गाणं, यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होती. निजामाच्या राज्यात १९१९ च्या सुमारास असाच कायदा झाला. तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. आणि १९१९ हे 'एकच प्याला'चं साल. रंगमंचावर सिंधूचं फाटकं लुगडं बघून प्रेक्षक रडत होते, आणि शेजारच्या राज्यात साडीसाठी तुरुंग होता. निजामी कायदा तेलंगण उच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला तो २०२३ च्या जुलैत, टेनेसीच्या गव्हर्नरांनी सही केल्यानंतर चारच महिन्यांनी. बालगंधर्वांचं नाव घेऊन छाती फुगवताना ही तारीखही जवळ ठेवायला हरकत नाही. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात पुरुष साडी नेसून आला की अजूनही हशा पिकतो, आणि बहुतेक वेळा साडी हाच तिथला विनोद असतो. दुसरा लिहायचे कष्ट कुणी घेतलेले नसतात.

या सिनेमावर दुसऱ्या बाजूनंही हल्ला होतो, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. फ्रँक अंधारात ब्रॅड असल्याची बतावणी करून जॅनेटच्या बिछान्यात शिरतो, मग जॅनेट असल्याची बतावणी करून ब्रॅडच्या. १९७५ मध्ये हा प्रहसनाचा प्रसंग होता. आज बघताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. वेशांतर करणारा माणूस फसवणारा, खुनी, परग्रहावरचा, ही प्रतिमा ट्रान्स लोकांना पुढे किती महागात पडली हे विसरून चालणार नाही. त्यात लेखक ओब्रायन. स्वतःला स्त्री-पुरुषाच्या मधला मानणारा हा माणूस ट्रान्स स्त्रियांना स्त्री मानायला तयार नाही, असं २०१६ मध्ये जाहीरपणे बोलून बसला. ज्या लोकांनी त्याचं नाव जगात नेलं त्यांच्याच जिव्हारी लागलं ते.

त्याच वर्षी फॉक्स वाहिनीनं सिनेमाची नवी आवृत्ती काढली. फ्रँक म्हणून लॅव्हर्न कॉक्स ही ट्रान्स अभिनेत्री, वेशभूषा ब्रॉडवेचे मातब्बर विल्यम आयव्ही लाँग यांची. हेतू चांगला, कपडे देखणे, कॉक्सचा रुबाब जबरदस्त. तरीही मला ती आवृत्ती फुसकी वाटते. एकतर, बाईनं कॉर्सेट घातलं तर त्यात उलटापालट कसली? मूळ सिनेमाची ठिणगी विझलीच. आणि दुसरं, कपडे फार चांगले शिवले होते. ते बघून कुणालाही, हे मी घरी करून बघतो, असं वाटलं नसेल.

त्या मानानं शॅडो कास्टवाल्यांनी केलेली दुरुस्ती जास्त चलाख आहे. सिनेमाची एक फ्रेम न कापता त्यांनी त्याच्याशी भांडण चालू ठेवलं. पडद्याला द्यायची उत्तरं दर पिढीनं बदलली. जॅनेटच्या नावानं पूर्वी ठरलेली शिवी होती, ती कित्येक ठिकाणी गळाली. बिछान्याच्या प्रसंगात आता पडद्यावरच्या फ्रँकलाच चार शब्द ऐकवले जातात. समोर उभा असलेला फ्रँक कधी ट्रान्स पुरुष असतो, कधी पन्नाशीची बाई. मागे पडद्यावर जुना सिनेमा आणि पुढे त्याला उत्तर देणारी हाडामांसाची माणसं, दोन्ही एकाच वेळी दिसतात. घरी मोबाइलवर एकट्यानं बघितला तर उरतो तो नुसता १९७५ चा सिनेमा, सगळ्या दोषांसकट. म्हणून तो थिएटरातच राहावा असं माझं मत आहे, आणि कॉर्सेट पाकिटातून विकत न घेता जमवावं हेही. सिनेमाच्या पन्नाशीच्या निमित्तानं निघालेल्या तयार पोशाखांची चमक बघून ब्लेनबाईंची भोकं पडलेली जाळी जास्तच आवडायला लागते.

टेनेसीचा कायदा २०२३ च्याच जूनमध्ये, मेम्फिसच्या एका नाटकमंडळीच्या दाव्यावरून, संघराज्याच्या न्यायाधीशांनी संदिग्ध आणि फार व्यापक म्हणून रद्द केला. वरच्या न्यायालयानं २०२४ मध्ये तो निकाल फिरवला, तोही मंडळीला दावा करण्याचा अधिकारच नाही या तांत्रिक मुद्द्यावर. म्हणजे मूळ प्रश्नाला वरच्या न्यायालयानं हातच लावला नाही. आणि या सिनेमाच्या खेळात तो प्रश्न भलताच टोकदार होतो. कायद्याला रंगमंचावर एक कलाकार लागतो आणि समोर एक प्रेक्षक. मध्यरात्रीच्या त्या खेळात कलाकार नेमका कोण धरायचा? तिकीट काढून आलेला, मोठ्या बहिणीचे मोजे घातलेला सतरा वर्षांचा पोरगा गाणं लागल्यावर इतरांबरोबर खुर्चीतून उठून नाचतो, तेव्हा तो ज्याला वाचवायचं ते मूल असतो की ज्याला पकडायचं तो गुन्हेगार? 'नुसते कपडे आहेत' असं म्हणणाऱ्या चाहत्यांनी याचं उत्तर द्यायला हवं, कारण त्या खेळाला पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं वय साधारण तेवढंच होतं.